शस्त्रवैद्य व्हेरा गेद्रोइत्स

आमच्या शाळेच्या ग्रंथालयात थोर स्त्रियांच्या चरित्रांचे एक छोटेसे कपाट आहे. फ्लॉरेन्स नाइटिंगेल, मादाम क्यूरी, डॉ. आनंदीबाई जोशी या तेथे वर्षानुवर्षे शेजारीशेजारी उभ्या आहेत, आणि त्या पुस्तकांच्या पुठ्ठ्यांचे कोपरे विद्यार्थिनींच्या हातांनी झिजलेले पाहून आम्हांस समाधान वाटते. या ओळीत बसण्याचा जिचा हक्क निःसंशय आहे, परंतु जिचे नाव आपल्याकडे क्वचितच कानी पडते, अशा एका रशियन स्त्रीची ओळख या अंकात करून देण्याचे आम्ही योजिले आहे. तिचे नाव व्हेरा इग्नात्येव्हना गेद्रोइत्स. नाव जिभेवर रुळायला थोडा वेळ लागतो खरा. पण तिच्या हाताखालून जे शेकडो शेतकरी, कामगार आणि शिपाई जिवंत बाहेर पडले, त्यांना ते उच्चारण्यात काही अडचण आली नसावी.

व्हेराचा जन्म इ. स. १८७० चा. रशियाच्या ओरेल प्रांतात ब्र्यान्स्क नावाचा जिल्हा होता. त्यातील स्लोबोदिश्चे या खेड्यात तिचे बालपण गेले. गेद्रोइत्स हे लिथुएनियातील जुने सरदार घराणे. त्यामुळे जन्मतःच तिच्या नावामागे राजकन्येची पदवी लागली होती. राजकन्या म्हटले की आमच्या बालवाचकांच्या डोळ्यांपुढे संगमरवरी महाल उभा राहील. तो त्यांनी कृपा करून पुसून टाकावा. पदवी मोठी होती, पण आयुष्य खेड्यातले होते; सभोवती अरण्य, चिखलाचे रस्ते आणि वैद्यावाचून मरणारी माणसे. व्हेराचा एक लाडका भाऊ होता, सेर्गेई. तो लहानपणीच वारला. आपण वैद्य व्हायचे, हा तिचा निश्चय त्या मृत्यूपासूनचा असे सांगतात. त्या भावाचे नाव तिने पुढे एका निराळ्याच कामी आयुष्यभर वापरले. ती हकीकत ओघात येईलच.

मुलीने वैद्य व्हावयाचे ठरवणे आणि वैद्य होणे यांत त्या काळच्या रशियात केवढे अंतर होते, हे थोडे सविस्तर सांगितल्यावाचून पुढील कथा नीट कळणार नाही. १८६० नंतरच्या काही वर्षांत पीटर्सबर्गच्या वैद्यकीय अकादमीत थोड्या मुली व्याख्यानांना बसू लागल्या होत्या. १८६४ मध्ये सरकारने त्यांना बाहेर काढले. त्यांपैकी नादेझ्दा सुस्लोव्हा ही एका भूदास शेतकऱ्याची मुलगी. ती स्वित्झर्लंडमधील झुरिच येथे गेली आणि १८६७ मध्ये तेथील विद्यापीठाची डॉक्टर झाली. रशियाची पहिली स्त्री-डॉक्टर ती हीच. दुसरी एक बाई, वार्वारा काशेव्हारोव्हा, हिला मात्र रशियातच शिकू देण्यात आले. कारण असे की, ओरेनबुर्गकडील बाश्कीर मुसलमान स्त्रिया पुरुष वैद्याला अंगास हात लावू देत नसत, व तेथे पाठवण्यास सरकारला एक स्त्री हवी होती. पडद्याच्या चालीमुळे एका स्त्रीला विद्या मिळावी, हा दैवाचा विनोदच म्हणावयाचा! पुढे १८७२ मध्ये पीटर्सबर्गला स्त्रियांसाठी वैद्यकीय अभ्यासक्रम सुरू झाला, आणि १८७७-७८ च्या तुर्की युद्धात त्यातील विद्यार्थिनींनी जखमींची उत्तम शुश्रूषा केली. पण १८८१ मध्ये झार दुसरा अलेक्झांडर याचा क्रांतिकारकांनी बाँबने वध केला. त्या कटात स्त्रियाही होत्या. शिकलेली मुलगी म्हणजे बाँब लपवणारी मुलगी, असा सरकारचा ग्रह झाला. १८८२ मध्ये नवे प्रवेश थांबले आणि १८८७ मध्ये शेवटची तुकडी बाहेर पडून तो अभ्यासक्रम बंद झाला. त्या वर्षी व्हेरा सतरा वर्षांची होती. दार पुन्हा उघडले ते १८९७ साली, म्हणजे ती सत्तावीस वर्षांची झाल्यावर. नेमक्या बंद दाराच्या दहा वर्षांत तिचे शिकण्याचे वय सापडले होते.

आपल्या वाचकांना येथे साहजिकच आपल्याकडील दोन नावे आठवतील. आनंदीबाई जोशी यांनी फिलाडेल्फियाहून १८८६ मध्ये पदवी घेतली, तेव्हा व्हेरा सोळा वर्षांची होती. डॉ. रखमाबाई लंडनला शिकल्या, पण एम. डी. साठी त्यांना ब्रसेल्सची वाट धरावी लागली. ते साल १८९४. त्याच साली व्हेराही देश सोडून निघाली. या तिघी एकमेकींना कधी भेटल्या नाहीत. मात्र विद्येसाठी समुद्र किंवा सरहद्द ओलांडावी लागणे हे तिघींच्याही वाट्याला सारखेच आले.

ती देश सोडून कशी निघाली, हे आता सांगतो. प्रथम ती पीटर्सबर्गला आली व प्योत्र लेसगाफ्त या विख्यात शरीरशास्त्रज्ञाच्या वर्गांत बसू लागली. लेसगाफ्त हे स्वतः सरकारच्या रोषाने एकदा प्राध्यापकपद गमावून बसलेले होते. मुलींना शरीररचनाशास्त्र शिकवण्यात त्यांना काही वावगे वाटत नसे. त्यांच्याकडे हाडे आणि स्नायू शिकता शिकता व्हेरा क्रांतिकारक तरुणांच्या एका मंडळातही जाऊ लागली. १८९२ मध्ये तिला अटक झाली आणि पोलिसांच्या देखरेखीखाली बापाच्या घरी परत पाठवण्यात आले. आता तिला परदेशी जाण्याचा परवाना मिळणे शक्य नव्हते. तेव्हा तिने त्या काळच्या रशियन मुलींना ठाऊक असलेला एक उपाय केला. निकोलाय बेलोझ्योरोव्ह या ओळखीच्या लष्करी अधिकाऱ्याशी तिने १८९४ मध्ये नाममात्र विवाह केला, त्याच्या आडनावाचा परवाना मिळवला आणि ती स्वित्झर्लंडला पोहोचली. गणितज्ञ सोफिया कोव्हालेव्हस्काया हिनेही १८६८ मध्ये असाच विवाह केला होता. संसार दोघांनाही करावयाचा नव्हता. कागदोपत्री असलेला तो विवाह १९०५ मध्ये कागदोपत्रीच मोडला.

ही गोष्ट शाळेच्या मासिकात द्यावी की नाही, असा प्रश्न आम्हांस क्षणभर पडला. कायद्याशी केलेली ही लबाडीच होती, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु प्रौढ मुलीला पुस्तक घेऊन सरहद्द ओलांडण्यासाठी ज्या कायद्याने नवरा दाखवावयास लावले, त्याच्या वाट्यालाही त्या लबाडीचा मोठा भाग जातो, असे आमचे मत आहे. म्हणून गोष्ट आहे तशी दिली.

लोझान येथील विद्यापीठात सेझार रू हे शस्त्रक्रियेचे प्राध्यापक होते. जठर आणि आतडी यांच्या शस्त्रक्रियेत त्यांनी शोधून काढलेली आतड्याची एक जोडणी आजही जगभर त्यांच्या नावाने ओळखली जाते. पोट उघडणे म्हणजे रोग्याला मृत्यूच्या दारी नेणे, ही जुनी समजूत ज्यांनी आपल्या हातांनी खोटी ठरवली, अशा पिढीतले हे गृहस्थ. व्हेराने १८९८ मध्ये पदवी घेतली आणि रू यांच्याच हाताखाली ती साहाय्यक म्हणून काम करू लागली. तेथेच राहती तर सुखाचे आयुष्य होते. पण घरून वाईट बातम्या आल्या, आणि नवे शतक उगवता उगवता ती रशियास परतली. येथून पुढे आम्ही तिला व्हेराबाई म्हणू. कारण आता ती कोणाची विद्यार्थिनी उरली नव्हती.

कालुगा प्रांतातील मालत्सोव्ह यांच्या सिमेंटच्या कारखान्यात त्यांना डॉक्टरची जागा मिळाली. कुठे लोझानचे स्वच्छ रुग्णालय आणि कुठे ही चुनखडीच्या धुळीने पांढरी झालेली वस्ती! यंत्रात सापडलेले हात, भाजलेली अंगे, जड ओझी उचलून झालेले अंतर्गळ, आणि खेड्यापाड्यांतून बैलगाडीत वा घसरगाडीत घालून आणलेले रोगी, असा त्यांचा रोजचा दवाखाना असे. तेथे त्यांनी मोठमोठ्या शस्त्रक्रिया केल्या. १९०२ मध्ये रशियन शस्त्रवैद्यांची परिषद भरली, तेव्हा व्हेराबाईंनी तीत आपल्या एका शस्त्रक्रियेचे निवेदन केले. रोग्याचा खुब्याचा सांधा धरला होता. उपचारांपूर्वी त्याला जमिनीवरून सरपटत जावे लागे. शस्त्रक्रियेनंतर तो आपल्या पायांवर उभा राहिला होता. अशा परिषदेत स्त्रीने इतके भारदस्त निवेदन करावे याचे जमलेल्या प्राध्यापकांस मोठे नवल वाटले. आम्हांस मात्र दुसरेच नवल वाटते. एवढे काम करणाऱ्या या बाईंची परदेशी पदवी रशियात चालत नव्हती, आणि १९०३ मध्ये मॉस्कोस जाऊन त्यांना पुन्हा परीक्षा द्यावी लागली. ती त्यांनी दिली. मिळालेल्या पदवीचे नावच मुळी ‘स्त्री-वैद्य’ असे होते.

फेब्रुवारी १९०४ मध्ये रशिया आणि जपान यांचे युद्ध जुंपले. व्हेराबाई रेड क्रॉसच्या पथकातून मांचुरियाकडे गेल्या. नकाशात चीनच्या ईशान्येस शेन्यांग हे शहर पाहावे; त्यालाच त्या काळी मुकदेन म्हणत. पीटर्सबर्गपासून तेथवर जाण्यास आगगाडीला कित्येक आठवडे लागत. तेथे त्यांनी जे केले, त्यावरच त्यांच्या कीर्तीचा मुख्य भार आहे. म्हणून येथे थोडे थांबून मूळ प्रश्न समजून घेऊ.

पोटात गोळी लागते तेव्हा ती पुष्कळदा आतड्याला भोके पाडीत जाते. त्या भोकांतून आतड्यातील घाण पोटाच्या पोकळीत सांडते, आतल्या आवरणाला दाह होतो आणि दोनतीन दिवसांत माणूस दगावतो. त्या काळी पेनिसिलिन नव्हते, एकाचे रक्त दुसऱ्यास देण्याची रीतही रुळली नव्हती. मग पोट उघडून ती भोके शिवावीत, हे कोणासही सुचेल. पण १८९९ ते १९०२ या काळात दक्षिण आफ्रिकेत इंग्रज आणि बोअर यांचे जे युद्ध झाले, त्यात इंग्रज शस्त्रवैद्यांनी हे करून पाहिले आणि ज्यांचे पोट उघडले तेच अधिक मेले. उलट ज्यांना नुसते निजवून ठेवले, अन्नपाणी बंद करून अफू दिली, त्यांतले काही वाचले. यावरून असा नियम ठरला की, पोटाच्या जखमीस सुरी लावू नये. त्याला स्वस्थ पडू द्यावे. युरोपातील बहुतेक सेनांच्या वैद्यांनी तो मानला. नियमाला अनुभवाचा आधार होता, हे ध्यानात ठेवावे. तो मूर्खांचा नियम नव्हता.

व्हेराबाईंनी त्या अनुभवाचीच उलटतपासणी केली. आफ्रिकेतील ते जखमी मेले, ते पोट उघडले म्हणून, की उशिरा उघडले म्हणून? मैलोगणती गाडीत हादरे खात, उन्हात, जखमेला बारा-पंधरा तास होऊन गेल्यावर जो माणूस तंबूत येतो, त्याच्या पोटात दाह आधीच पसरलेला असतो. मग सुरी कितीही कुशल असो. तेव्हा प्रश्न सुरी लावावी की न लावावी असा नसून केव्हा आणि कोठे लावावी असा आहे. जखमी काही थोड्या तासांच्या आत टेबलावर आला पाहिजे. टेबल लढाईच्या जवळ पाहिजे. आणि टेबलापाशी उभ्या असणाऱ्याला पोटाच्या शस्त्रक्रियेची खरी सवय पाहिजे. तिसरी अट त्या स्वतः पुऱ्या करीत होत्या, कारण रू यांच्याकडे त्या हेच शिकल्या होत्या. पहिल्या दोन अटींसाठी आगगाडीचा एक डबा शस्त्रक्रियेसाठी सज्ज करण्यात आला. तो रुळांवरून लढाईच्या मागे मागे नेता येई. ज्या प्रदेशात थंडीने हातातील हत्यारे गोठत, तेथे त्या डब्यात बंदुकीची गोळी लागलेली पोटे उघडून शिवली जात होती, आणि ती माणसे जगत होती.

या पद्धतीची दुसरी बाजू कठोर आहे, आणि तीही सांगितली पाहिजे. वेळेत आलेला जखमी घ्यावयाचा, याचा अर्थ उशिरा आलेला बाजूस ठेवावयाचा. डब्याच्या दाराशी स्ट्रेचरवर दोन शिपाई पडलेले आहेत; दोघेही कोणाचे तरी मुलगे. कोणास आत घ्यावयाचे ते त्याच्या नाडीवरून आणि घड्याळावरून ठरवावे लागते. हा निर्णय दिवसातून किती वेळा घ्यावा लागला असेल, याची कल्पना आपण घरात बसून करू शकत नाही.

फेब्रुवारी आणि मार्च १९०५ मध्ये मुकदेनची लढाई झाली. दोन्ही बाजूंचे मिळून पाच लाखांहून अधिक सैनिक तीत लढले. तोवर जगाने एवढी मोठी लढाई क्वचितच पाहिली होती. रशियाचा पराभव झाला. माघार सुरू झाली तेव्हा व्हेराबाई आपल्या जखमींना घेऊन तोफांच्या माऱ्यातून बाहेर पडल्या. शौर्याबद्दल त्यांना सेंट जॉर्जचे रौप्यपदक मिळाले. परतल्यावर त्यांनी पथकाच्या कामाचा अहवाल छापून प्रसिद्ध केला. पोट लवकर उघडावे हा विचार जगात त्यांच्या एकटीच्याच मनात आला असे आम्ही म्हणत नाही. पण भर लढाईत, इतक्या सातत्याने तो आचरून दाखवणारे फार थोडे होते. पश्चिमेकडील सेनांना हे पटण्यास आणखी दहा वर्षे आणि एक महायुद्ध लागले. इंग्रज शस्त्रवैद्य १९१५ पासून पोटाच्या जखमींवर लवकर शस्त्रक्रिया करू लागले. रशियन अहवाल पश्चिमेस कोण वाचणार, आणि त्यातून तो एका बाईने लिहिलेला!

परत आल्यावर त्या मालत्सोव्ह कारखान्यांकडेच गेल्या. देशात १९०५ च्या क्रांतीची धामधूम चालू होती. १९०९ मध्ये मात्र एक अनपेक्षित बोलावणे आले. सम्राज्ञी अलेक्झांड्रा हिच्या इच्छेवरून त्यांची नेमणूक पीटर्सबर्गजवळील त्सार्स्कोये सेलो येथील राजवाड्याच्या रुग्णालयात झाली. जिला एकदा पोलिसांनी राजधानीतून हाकलून लावले होते, तीच आता राजघराण्याच्या रुग्णालयात शस्त्रवैद्य झाली. तेथे त्या पुरुषी कोट आणि टाय घालून वावरत, सिगारेट ओढीत, आवाज भरदार. दरबारी मंडळी नाके मुरडीत, पण शस्त्रक्रिया म्हटली की त्यांनाच बोलावीत. १९१२ मध्ये मॉस्को विद्यापीठाने त्यांना शस्त्रक्रियेच्या विषयात डॉक्टरेट दिली. प्रबंधाचा विषय होता, जांघेतील अंतर्गळावर रू यांच्या रीतीने केलेल्या २६८ शस्त्रक्रियांचे पुढे काय झाले हा. विषय काही दिमाखाचा नव्हे. अंतर्गळ हा ओझी वाहणाऱ्यांचा रोग; आणि रोगी घरी गेल्यावर, वर्षे लोटल्यावर, त्याची गाठ पुन्हा उतरली की काय हे शोधीत बसणे हे कंटाळवाणे काम. आमच्या मते या प्रबंधातच व्हेराबाईंचा स्वभाव दिसतो. शस्त्रक्रियेत हा सन्मान मिळवणारी रशियातील पहिली स्त्री त्या होत्या.

याच वर्षांत त्या कविताही लिहीत होत्या. पहिले पुस्तक १९१० मध्ये निघाले आणि त्यावर नाव छापले गेले सेर्गेई गेद्रोइत्स असे. लहानपणी गेलेल्या भावाला त्यांनी या प्रकारे हयात ठेवले होते. निकोलाय गुमिल्योव्ह या कवीने त्या पुस्तकावर कठोर टीका केली. पुढे त्याच्याच कविमंडळात त्या सामील झाल्या आणि मंडळाच्या मासिकास त्यांनी पदरचे पैसे दिले. टीकाकाराशी भांडण न करता त्याचे मासिक चालवणारा लेखक आम्ही तरी दुसरा पाहिला नाही.

१९१४ च्या उन्हाळ्यात पहिले महायुद्ध सुरू झाले. त्सार्स्कोये सेलोच्या रुग्णालयात जखमी येऊ लागले, आणि सम्राज्ञी अलेक्झांड्रा आपल्या दोन मोठ्या मुलींना, ओल्गा व तात्याना यांना घेऊन, परिचारिकेचे काम शिकण्यास आली. शिक्षिका अर्थातच व्हेराबाई. त्यांनी परिचारिकांसाठी शस्त्रक्रियेवर एक पुस्तकही त्याच वर्षी प्रसिद्ध केले. नोव्हेंबरमध्ये सम्राज्ञी आणि दोघी राजकन्या इतर विद्यार्थिनींबरोबर परीक्षेत उत्तीर्ण झाल्या. त्यानंतर रोज सकाळी त्या पांढरा झगा घालून येत. शस्त्रक्रियेच्या वेळी सम्राज्ञी हत्यारे हातात देई, कापलेला पाय टेबलावरून उचलून नेई, शिपायांच्या सडलेल्या जखमा धुई. दरबारातील पुष्कळांना हे शोभेसे वाटले नाही. त्या खोलीत मात्र हुकूम एकाच व्यक्तीचा चाले, आणि ती व्यक्ती सम्राज्ञी नव्हती.

याच काळातील एक प्रसंग व्हेराबाईंच्या चरित्रकारांना अडचणीचा वाटतो. आम्ही तो टाळीत नाही. जानेवारी १९१५ मध्ये सम्राज्ञीची मैत्रीण आना व्हिरुबोव्हा ही आगगाडीच्या अपघातात भयंकर जखमी झाली. व्हेराबाईंनी तिला तपासून ती वाचणार नाही असे सांगितले. मग रास्पुतिन आला. सम्राज्ञीवर ज्याची मोहिनी होती तोच हा साधू. त्याने रोगिणीच्या उशाशी उभे राहून ती जगेल असे भाकीत केले. ती जगली. आयुष्यभर पांगळी राहिली, पण जगली. राजवाड्यात याचे श्रेय कोणास मिळाले ते सांगावयास नको. व्हेराबाईंचा अंदाज चुकला होता, ही गोष्ट खरी. चांगल्या शस्त्रवैद्याचाही अंदाज चुकतो. दुसऱ्या दिवशी त्यांच्या टेबलावर नेहमीप्रमाणे शिपाई होते.

मार्च १९१७ मध्ये झारने राज्यत्याग केला. राजकुटुंब त्सार्स्कोये सेलोच्या राजवाड्यात अटकेत पडले. शिष्या आपल्या गुरूच्या रुग्णालयात येऊ शकत नव्हत्या. व्हेराबाई आघाडीवर निघून गेल्या. सहाव्या सैबेरियन रायफल डिव्हिजनच्या मलमपट्टी-पथकाच्या त्या मुख्य डॉक्टर झाल्या व पुढे कोअरच्या शस्त्रवैद्य. त्या वेळी सैन्य मोडत होते, शिपाई अधिकाऱ्यांची पदचिन्हे तोडून टाकीत होते. अशा सैन्यात राजवाड्यातून आलेली, जन्माने राजकन्या असलेली ही डॉक्टरबाई टिकली, कारण पोटात गोळी लागलेल्या माणसाला सुरी धरणाऱ्याची वंशावळ विचारण्यास सवड नसते. जानेवारी १९१८ मध्ये त्या स्वतः जखमी झाल्या आणि त्यांना कीव्ह येथे आणण्यात आले. त्याच वर्षी जुलै महिन्यात ओल्गा आणि तात्याना या आईवडिलांसह येकातेरिनबुर्ग येथे गोळ्या घालून मारल्या गेल्या.

कीव्हमध्ये त्या काळी सकाळी एकाचे राज्य तर संध्याकाळी दुसऱ्याचे. त्या यादवीच्या वर्षांत शहराची सत्ता डझनभराहून अधिक वेळा पालटली. बऱ्या होताच व्हेराबाईंनी मुलांच्या दवाखान्यात काम सुरू केले. १९२१ मध्ये प्राध्यापक चेर्न्याखोव्स्की यांनी त्यांना वैद्यकीय संस्थेच्या शस्त्रक्रिया विभागात बोलावून घेतले. तेथे त्या लहान मुलांच्या शस्त्रक्रियेचा विषय शिकवू लागल्या. सोव्हिएत विद्यार्थ्यांना राजकन्या शिकवीत होती, आणि विद्यार्थ्यांची तक्रार नव्हती. १९२९ मध्ये त्या विभागप्रमुख झाल्या. जन्मभर जे काम केले त्याला साजेसे आसन त्यांना एकोणसाठाव्या वर्षी मिळाले, आणि एका वर्षात गेले. १९३० मध्ये त्यांना नोकरीवरून काढण्यात आले. निवृत्तिवेतनही मिळाले नाही. झारच्या पोलिसांनी त्यांना क्रांतिकारक म्हणून पकडले होते. आता क्रांतीच्या राज्याला त्या सरदारकन्या दिसल्या.

शिल्लक पैशांवर आणि मारिया निरोद या आपल्या मैत्रिणीच्या सोबतीने त्या कीव्हमध्ये राहिल्या. निरोदबाई स्वतः उमराव घराण्यातील असून युद्धात परिचारिका झाल्या होत्या. हातातली सुरी गेल्यावर व्हेराबाईंनी लेखणी धरली आणि आपल्या बालपणाची व तरुणपणाची हकीकत कादंबऱ्यांच्या रूपाने लिहिली. १९३० आणि १९३१ मध्ये त्यांतील तीन भाग छापून निघाले. पुस्तकांवर नाव पुन्हा सेर्गेई गेद्रोइत्स असेच होते. मग त्यांना कर्करोग झाला. आपल्या रोगाची गती त्यांना इतरांहून अधिक कळत असली पाहिजे. मार्च १९३२ मध्ये त्या वारल्या.

कीव्हच्या एका टोकास असलेल्या कोर्चेवात्स्कोये दफनभूमीत त्यांची समाधी आहे. राजकन्येची, प्राध्यापिकेची किंवा कवीची म्हणून तिची काळजी घेणारे कोणी फारसे उरले नव्हते. ती राखली येर्मोगेन नावाच्या एका धर्मगुरूने. कधी काळी व्हेराबाईंनी त्यांच्यावर शस्त्रक्रिया करून त्यांचे प्राण वाचवले होते. त्यांनी पुढे कित्येक वर्षे तुरुंगवास सोसला, सुटून आल्यावर ते आर्चबिशप झाले, आणि १९७८ मध्ये त्यांचे निधन झाले तेव्हा त्यांचेही दफन त्याच दफनभूमीत झाले.